एका आपटलेल्या चित्रपटाचे अर्थशास्त्र

(अकोला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अभ्यासवर्गात बोलावयाचे म्हणजे नियोजन, शेतमालाचे भाव, बेकारी किंवा सिंचन यांपैकी एखादा विषय घ्यावयाचा, असा आपला प्रघात आहे. आज मी जाणूनबुजून तो मोडणार आहे. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी प्रदर्शित झालेला आणि पाहता पाहता आपटलेला ‘जोकर’ हा हिंदी चित्रपट, हा माझा आजचा विषय आहे. आपल्यापैकी काहींना हा थिल्लरपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु निर्णय कोण घेतो आणि त्या निर्णयाचा तोटा कोण सोसतो, हा जो आपल्या राजकारणाचा मूळ प्रश्न आहे, तो समजून घेण्यासाठी आपटलेल्या चित्रपटाइतके सुबोध उदाहरण दुसरे नाही. कारखाना बुडाला तर त्याचे कारण कळण्यासाठी ताळेबंद वाचावा लागतो. चित्रपट पडला तर ते शुक्रवारी संध्याकाळी पानठेल्यावरही कळते. मात्र पडला म्हणजे नेमका कोणाच्या अंगावर पडला, हे पानठेल्यावर कोणी सांगत नाही. ते आज आपण पाहू.

प्रथम चित्रपटाविषयी. शिरीष कुंदर यांनी तो लिहिला व दिग्दर्शित केला. अक्षयकुमार, सोनाक्षी सिन्हा आणि आपले मराठी नट श्रेयस तळपदे त्यात होते. निर्मितीत फराह खान आणि स्वतः अक्षयकुमार यांच्या संस्था होत्या, तशीच यूटीव्ही ही कंपनीही होती; आणि ती त्याच वर्षाच्या आरंभी वॉल्ट डिस्ने या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली होती. म्हणजे नामवंत नट, नावाजलेले कुटुंब आणि बहुराष्ट्रीय भांडवल असा त्रिवेणी संगम येथे झालेला होता. कोट्यवधींचा खर्च झाला आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

कथा अशी. पगलापूर नावाचे एक गाव आहे. स्वातंत्र्याच्या वेळी नकाशे आखले गेले तेव्हा हे गाव कोणत्याच नकाशात आले नाही. त्यामुळे तेथे कोणत्याही सोयी पोहोचलेल्या नाहीत आणि शेजारचे कोणतेही राज्य त्याला आपले म्हणावयास तयार नाही. या गावाचा एक मुलगा अमेरिकेत शास्त्रज्ञ झालेला असतो. परग्रहावरील जीवांशी संपर्क साधण्याचे यंत्र करण्याच्या खटपटीत तो असतो. गावी परतल्यावर तो सरकारदरबारी खेटे घालतो आणि त्याला कळून चुकते की, अर्जविनंत्यांनी काही होणे नाही. मग तो एक युक्ती काढतो. शेतात मोठमोठी वर्तुळे उमटवून परग्रहवासी पगलापुरास उतरल्याचा देखावा तो उभा करतो. गावकरीच परग्रहवासी होतात. वार्ताहर येतात, कॅमेरे येतात, मंत्री येतात, परदेशांतून माणसे येतात. जे गाव कालपर्यंत कोणाच्या गणतीत नव्हते ते एका रात्रीत जगाचे केंद्र होते. शेवटी खरेच परग्रहावरचे यान अवतरते.

साथींनो, ही कल्पना फुटकळ नाही, हे मी आरंभीच नमूद करतो. उपेक्षित प्रदेशाला न्याय मिळत नाही, तमाशा केला तर लक्ष मात्र मिळते, हे विधान त्या कथेच्या पोटात आहे. वऱ्हाडातील माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मग असा चित्रपट पडावा का?

परग्रहवासी आणि विनोद यांची सांगड आपल्या प्रेक्षकांना रुचत नाही, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, ‘पीके’ आला. त्याचा नायकही परग्रहावरचाच आणि तोही विनोदीच. तो चित्रपट देशभर उदंड चालला. त्याचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे आपल्या नागपूरचे. त्याआधी २००३ साली ‘कोई मिल गया’ मधील परग्रहवासी लहानथोरांनी डोक्यावर घेतला होता. मराठी वाचकाने तर जयंत नारळीकरांच्या कथांतून परग्रहांची ओळख फार पूर्वी करून घेतली होती. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह १९७९ चा आहे, आणि ती ओळख पुस्तकाच्या किमतीत झाली होती. तेव्हा दोष विषयाचा नव्हता.

दोष दृष्टीचा होता. पगलापूर हे नाव पाहा. गाव मागासलेले का, याचे उत्तर कथेने स्वतःच दिले होते: ते नकाशाबाहेर आहे, राज्यसंस्थेने त्याला टाकले आहे. परंतु चित्रपटाला हसू आले ते टाकणाऱ्यांचे नव्हे, टाकलेल्यांचे. गावातील माणसे वेडी आणि विक्षिप्त ठरविली गेली. तळपदे यांच्यासारख्या कसलेल्या नटाच्या तोंडी कोणालाही न कळणारी बोली घालण्यात आली आणि त्या बोलीवर हशा मागण्यात आला. दुसऱ्या बाजूस, गावाला शहाणपण शिकवावयास अमेरिकेहून माणूस आणावा लागला. ज्यांचा कैवार घ्यावयाचा त्यांचीच टिंगल करावयाची, हा उद्योग फार काळ साधत नाही. प्रेक्षक समीक्षेची भाषा बोलत नसेल; पण आपल्याला हसत आहेत की आपल्याबरोबर हसत आहेत, एवढे त्याला निश्चित कळते.

या शेतातल्या वर्तुळांचीही एक गंमत आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागात गव्हाच्या शेतांत अशी वर्तुळे उमटू लागली, तेव्हा त्यावर मोठमोठे तर्क लढविले गेले. १९९१ साली डग बॉवर व डेव्ह चॉर्ली या दोन उतारवयाच्या गृहस्थांनी जाहीर केले की, ही करणी आमची. त्यासाठी आम्ही एक फळी आणि दोरी वापरीत होतो. जी करमणूक दोन माणसांनी फळी-दोरीच्या खर्चात साऱ्या जगाची केली, तिच्यासाठी आपल्या चित्रपट-उद्योगाला कोट्यवधी लागले आणि तरीही ती साधली नाही. भांडवल पुष्कळ लावले म्हणजे मूल्य निर्माण होते असे नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे फुकट मिळतो.

तोटा खाली उतरतो कसा?

आता दुसऱ्या धड्याकडे वळू. चित्रपट ही एक चमत्कारिक वस्तू आहे. तिचा जवळजवळ सारा खर्च पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. ती विकत घेणाऱ्याला ती पाहिल्याखेरीज तिची प्रत कळत नाही. आणि कळते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. चांगल्या चित्रपटाचे तिकीट आणि भिकार चित्रपटाचे तिकीट एकाच दराने विकले जाते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला ती अज्ञात असली की बाजार कसा नासतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चित्रपटाचा पहिला शुक्रवार म्हणजे अगदी असा बाजार होय.

या बाजाराची उतरंड कशी आहे ते पाहू. वर निर्माता. त्याच्या हाती तिकीटखिडकी उघडण्यापूर्वी विकता येण्याजोगे पुष्कळ काही असते. दूरचित्रवाणीचे हक्क, संगीताचे हक्क, परदेशातील प्रदर्शनाचे हक्क हे सारे आधीच विकून तो आपल्या खर्चाचा मोठा भाग मोकळा करून घेऊ शकतो. नामवंत नटाचा मोबदला तर चित्रपट चालो वा न चालो, ठरलेलाच असतो. त्याखाली वितरक. जुन्या पद्धतीप्रमाणे तो ‘मिनिमम गॅरंटी’ देतो, म्हणजे आपल्या प्रदेशापुरते हक्क घेण्यासाठी ठरावीक रक्कम आधीच मोजतो. ती परत येईल की नाही ही चिंता त्याची. समजा, एखाद्या प्रादेशिक वितरकाने १ कोटी रुपये मोजले. तिकीटखिडकीवर ८० लाख जमले. त्यातून कर व टॉकीजचे भाडे वजा जाता ४० लाख हाती आले. वरून पाहणारा म्हणेल, ८० लाखांचा धंदा झाला. वितरकाचे मात्र ६० लाख बुडाले. त्याच्याखाली एकपडदा टॉकीजचा मालक. त्याखाली ऑपरेटर, डोअरकीपर, तिकिटे फाडणारा, सायकल-स्टँडवाला, मध्यंतरात भजी व शेंगदाणे विकणारा. या शेवटच्या माणसांचा कोणत्याही करारावर अंगठाही नसतो. खेळ रिकामे गेले की त्यांची मजुरी जाते, आणि टॉकीज बंद पडली की नोकरी जाते.

आपल्या हिताची वाटाघाट करण्याची ताकद वरच्या मजल्यावर किती असते, याचाही दाखला आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात उत्पन्नाच्या वाटपावरून भांडण जुंपले. सुमारे दोन महिने मोठे हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले नाहीत. अखेर तडजोड झाली: पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. दोन बलाढ्य पक्ष टेबलाशी बसले आणि त्यांनी टक्केवारी ठरवून घेतली. तालुक्याच्या टॉकीजवाल्याला त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. त्या दोन महिन्यांत त्याचा पडदा मात्र कोरा राहिला.

या उतरंडीत सर्वांत सुरक्षित कोण, असा प्रश्न कोणी केला तर माझे उत्तर आहे: सरकार. १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याने तिकिटावर शुल्क बसविले. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, तेव्हा शंभर रुपयांवरील तिकिटावर २८ टक्के आणि त्याखालच्या तिकिटावर १८ टक्के असा दर ठेवला गेला; पुढे तो उतरला. दर बदलले, नावे बदलली, पण तत्त्व तेच राहिले. हा कर नफ्यावर नाही, तिकिटावर आहे. चित्रपट पडो वा तरो, सरकारचा खेळ कधी पडत नाही.

उशिराचे संरक्षण

येथे मी आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगू इच्छितो. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. पूर्वी चित्रपट रिळांच्या पेट्यांतून येत असे. प्रती मोजक्या. मुंबई-पुण्याच्या टॉकीजमधून निघालेली पेटी अमरावती-अकोल्यास, आणि तेथून अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर अशी फिरत फिरत खेड्यातील जत्रेच्या तंबूपर्यंत जावयास कित्येक आठवडे, कधी महिने लागत. हा आपल्या मागासलेपणाचा पुरावा मानला जाई आणि तो होताही. परंतु त्या उशिरात गरिबाचे एक संरक्षणही होते. पेटी येण्याआधी चित्रपटाची कीर्ती किंवा अपकीर्ती येऊन पोहोचत असे. भिकार चित्रपट मोठ्या शहरांतच मरून जाई. टॉकीजवाला आणि प्रेक्षक, दोघांनाही दुसऱ्याच्या खर्चाने शहाणपण मिळे.

या शतकाच्या पहिल्या दशकात चित्र पालटले. उपग्रहावरून संगणकीय पद्धतीने चित्रपट थेट टॉकीजमध्ये उतरू लागला. हे काम करणाऱ्या प्रमुख कंपनीचे नावच ‘यूएफओ’ आहे, हा योगायोग आजच्या विषयाला शोभून दिसतो. तिच्या स्थापनेत संजय गायकवाड हे मराठी उद्योजक अग्रभागी होते. तंत्र उत्तम होते. तालुक्याच्या पडद्यावर ओरखडे नसलेले चित्र दिसू लागले, चोरट्या प्रतींना काहीसा आळा बसला, आणि मुंबईकरांबरोबर त्याच शुक्रवारी चित्रपट पाहण्याचा मान आम्हांला मिळाला. परंतु या समतेचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. चित्रपट एकाच दिवशी हजारो पडद्यांवर उतरवावयाचा, जाहिरातींचा धुरळा उडवावयाचा आणि खरे काय ते लोकांना कळण्याच्या आत तीन दिवसांत मिळेल तेवढे गोळा करावयाचे, हे धोरण या तंत्रामुळेच शक्य झाले. पूर्वी मुंबईचा नफा आम्हांला उशिरा कळत असे. आता मुंबईचा तोटा आम्हांला वेळेवर पोहोचतो. आणि हे सारे ऑगस्टच्या अखेरीस, जेव्हा कपाशी अजून शेतात उभी असते, पेरणीचे कर्ज डोक्यावर असते आणि घरात रोकड नसते. त्या दिवसांत शेतमजुराच्या पोराने तिकिटासाठी काढलेला पैसा आणि मुंबईच्या प्रेक्षकाने काढलेला पैसा हिशेबात सारखा दिसतो, पण तो सारखा नसतो.

माझा विरोध तंत्राला नाही, हे स्पष्ट करतो. समाजवादी माणूस यंत्राचा शत्रू नव्हे. यंत्र आले तेव्हा त्याच्याबरोबर कराराच्या अटी कोणी बदलल्या नाहीत, ही माझी तक्रार आहे.

नकाशावरील वऱ्हाड

चित्रपट-व्यवसायाचा स्वतःचा एक नकाशा आहे. त्यात देशाचे विभाग पाडलेले असून, आपला विभाग अजून ‘सी.पी. बेरार’ या नावाने ओळखला जातो. मध्यप्रांत व वऱ्हाड हे नाव १९५० साली राज्यघटनेबरोबर गेले; १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला; १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये मोडली, राज्ये घडली, पण चित्रपटाच्या बाजारात तो प्रांत अद्याप नांदतो आहे. अमरावती हे त्या व्यवहाराचे एक मोठे ठाणे. त्या शहरातील चौकांची नावे पाहा: चित्रा, प्रभात, श्याम. टॉकीजच्या नावांनी चौक ओळखले जावेत, एवढा हा धंदा त्या शहराच्या अंगी मुरलेला होता. अकोल्यातही माणेक टॉकीज म्हटले की वाटसरूला पत्ता सापडतो. एकपडदा टॉकीजचे दिवस सरत चालले. पत्ते तेवढे मागे उरत आहेत.

पगलापुराला कोणी आपले म्हणेना. वऱ्हाडाचे दुःख उलट आहे. त्याला पुष्कळांनी आपले म्हटले. निजामाने म्हटले, १८५३ च्या तहाने कंपनी सरकारने म्हटले, १९०२ साली इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्याने म्हटले, मग मध्यप्रांताने, मग मुंबईने. कापूस सर्वांनी नेला. नकाशाबाहेर राहिलेल्या गावाचे आणि प्रत्येक नकाशाच्या कडेला राहिलेल्या प्रदेशाचे भाग्य शेवटी सारखेच होते.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. १९८३ साली नेमलेल्या आणि १९८४ साली अहवाल देणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या वर काढला, आणि त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा ठरला. २०११ साली डॉ. विजय केळकर यांची समिती नेमली गेली. २०१३ साली तिचा अहवाल आला. अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांचा सिंचनाचा अनुशेष या सर्व काळात कागदावर येत राहिला आणि कागदावरच राहिला.

आता एक सन लक्षात ठेवा: २०१२. ज्या महिन्यात ‘जोकर’ पडद्यावरून उतरला, त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रात एक फार मोठा खेळ गाजत होता. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्च झाले आणि सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले, असा हिशेब आर्थिक पाहणीच्या आकड्यांवरून मांडला गेला. विदर्भातील प्रकल्पांच्या वाढविलेल्या किमतींची चर्चा घरोघर पोहोचली. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी २५ सप्टेंबरला राजीनामा दिला. वर्षाअखेर श्वेतपत्रिका निघाली, तीत तो हिशेब नाकारण्यात आला, आणि डिसेंबरात ते आपल्या पदावर परतले. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. कोणत्या आकड्यात किती तथ्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. माझा मुद्दा साधा आहे. त्या वर्षीचा वऱ्हाडातील सर्वांत महागडा आपटलेला खेळ ‘जोकर’ नव्हता. चित्रपट पडला तर प्रेक्षकाचे तिकीट गेले. धरण पडून राहिले तर शेतकऱ्याचा हंगाम गेला, आणि त्याला तो खेळ अर्ध्यावर सोडून बाहेर पडण्याची सोयही नव्हती.

दोहोंची तुलना मी तोलून करीत आहे. चित्रपट ही हौस आहे, पाणी ही गरज आहे. तरी दोन्ही ठिकाणी एकच नियम चालतो: निर्णय वर होतो, खर्चाची उचल वर होते, आणि अपयश तेवढे खाली येते. निर्मात्याला माल तयार होण्यापूर्वी हक्क विकून धोका वाटून टाकता येतो. कापूसवाल्याला ते येत नाही. त्याचाही जवळजवळ सारा खर्च आधी होऊन जातो, त्यालाही भावाची खात्री नसते. पण त्याचा माल पडला तर तो घेऊन मोकळा होणारा खालचा कोणी नसतो. उतरंडीचे सर्वांत खालचे मडके तोच आहे.

तमाशा आणि हक्क

‘जोकर’च्या दोन वर्षे आधी, २०१० साली, अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ आला होता. तोही एका काल्पनिक खेड्याचा, तोही विनोदी, आणि त्यातही कॅमेरेवाल्यांची झुंबड होती. पण तेथे हसू शेतकऱ्याचे झाले नाही. त्याच्या मरणाची वाट पाहणाऱ्या सभ्य समाजाचे झाले. त्याचा खर्च बेताचा होता आणि तो लोकांनी पाहिला. २००९ साली सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट विदर्भातील कास्तकाराच्या घरात नेऊन ठेवला. त्यात परग्रहवासी नव्हते. न येणारा पाऊस पुरेसा होता. उपेक्षित गावाची गोष्ट चालत नाही, असे नाही. ती सांगणाऱ्याने कोठे उभे राहून सांगितली, यावर सारे अवलंबून असते.

तथापि ‘जोकर’ने अजाणता सांगितलेले सत्य आपण सोडता कामा नये. आमच्या भागाकडे लक्ष कधी गेले? १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता देशभर झाली तेव्हा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे रोजच्या रोज छापून येऊ लागल्यावर २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून उठवून अकोला जिल्ह्याच्या अकोट-तेल्हारा भागात वसविलेल्या आदिवासी गावांनी, कबूल केलेल्या सोयी मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे अर्ज केले. त्यांची बातमी झाली ती केव्हा? जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा जंगलात जाऊन बसले आणि वनखाते व पोलीस यांच्याशी संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली तेव्हा. ही गावे तर खरोखरच नकाशावरून उठविलेली. त्यांना परग्रहवासी सोंगून आणता आले नाहीत. त्यांना स्वतःलाच पणास लावावे लागले.

ज्या राज्यात नागरिकाला आपले दुःख प्रेक्षणीय करावे लागते, त्या राज्यात लोकशाही अर्धीच पोहोचली आहे, असे मी मानतो. आणि येथे आपल्यालाही एक इशारा आहे. आंदोलने करताना कॅमेरा किती आला यावरून यश मोजण्याची सवय आपल्या चळवळीलाही लागू पाहत आहे. कॅमेरा येतो तसा जातो. मागे राहते ती नोंद, कायदा आणि संघटना. तमाशाने लक्ष मिळेल, हक्क मिळत नाही.

मग पर्याय काय? तो चित्रपटाच्याच इतिहासात आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी ‘मंथन’ काढला. गुजरातेतील सहकारी दूधसंघांच्या ५ लाख उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख रुपयांत तो उभा राहिला. मग तेच शेतकरी गाड्या भरभरून आपला चित्रपट पाहावयास गेले. या व्यवहाराचा अर्थ पाहा. तो पडला असता तर प्रत्येकाचे २ रुपये गेले असते. त्यामुळे कोणाचे घर बसले नसते, कोणाला शेत विकावे लागले नसते. धोका वाटला गेला होता, आणि वाटून घेणाऱ्यांचा त्या गोष्टीशी संबंध होता. ज्याचा तोटा त्याचा निर्णयात वाटा, या एका वाक्यात मी समाजवादाची व्याख्या करीन.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. एक: आपल्या तालुक्यातील जी टॉकीज बंद पडली असेल तिच्या कामगारांची यादी करा, त्यांची थकलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळाले की नाही, याचा पाठपुरावा करा. या लोकांकडे कोणत्याच संघटनेने पुरेसे पाहिलेले नाही. दोन: नगरपरिषदांच्या ताब्यातील सभागृहांत कमी दराने चांगले चित्रपट दाखविण्याची मागणी ठरावाने करा, पडद्यावर पहिला हक्क मल्टिप्लेक्सचा आहे असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. तीन: लहान टॉकीजशी होणारे करार ठरावीक रकमेऐवजी प्रत्यक्ष उत्पन्नाच्या वाट्यावर व्हावेत, यासाठी टॉकीजचालकांना एकत्र आणा. छोटा मालक आणि त्याचा डोअरकीपर यांच्यात भांडण आहे, हे मला मान्य आहे. पण वरून येणाऱ्या तोट्यापुढे दोघे एकाच बाकावर बसलेले आहेत. आणि चार: हाच हिशेब धरणांना, बियाण्यांना आणि प्रत्येक नव्या घोषणेला लावा. योजना जाहीर झाली की ती किती कोटींची, हा प्रश्न वर्तमानपत्रे विचारतील. आपण विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: ही योजना आपटली तर ती कोणाच्या अंगावर पडणार, आणि ती ठरविताना त्या माणसाला कोणी विचारले होते का?

‘जोकर’ लोक विसरले, ते योग्यच झाले. परंतु त्यातील पगलापूर विसरू नका. त्या गावाने नकाशावर येण्यासाठी परग्रहाकडे पाहिले. आपल्याला ती गरज नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त, पाणीवापर संस्थेचे दप्तर, मजुरांची हजेरी आणि मतदारांची यादी ही आपली साधने आहेत. ती रुक्ष आहेत, त्यांचे चित्रीकरण करावयास कोणी येत नाही. तरी गाव नकाशावर आणावयाचे आणि तेथे टिकवावयाचे, ते याच कागदांनी. ते काम कंटाळवाणे आहे, आणि ते आपले आहे.